मुन्सफीच्या पडवीतली पोथी

तालुक्याच्या मुन्सफीत रोज तिसऱ्या प्रहरी पोथी लागायची.

देवाची नव्हे. किशनराव पेशकार जुन्या मिसली, म्हणजे दाव्यांची कागदपत्रं, वाचायचे, ती. पण माणसं बसायची ती अगदी पोथीला बसल्यासारखी. कोणी खांबाला टेकून, कोणी पान लावत, कोणी नातवाला मांडीवर घेऊन. उशिरा येणारा चपला काढून आत यायचा. एवढी अदब त्या गावात शाळेच्या मास्तराच्याही वाट्याला येत नव्हती.

त्याचं झालं असं. पोलीस ॲक्शन होऊन चार वर्षं होत आली होती. निजामाच्या वेळची सगळी कोर्टकचेरी उर्दूत, आणि नवे मुन्सफसाहेब बाहेरगावचे. मराठी बोलायचे, कानडी समजायचे, उर्दूचं एक अक्षर ओळखायचे नाहीत. त्यांनी हुकूम काढला, की चालू दाव्यांना जे जे जुने उर्दू कागद जोडलेले असतील ते मराठीत उतरवून द्या. हुकूम काढायला काय लागतं. उर्दू जाणणारे कारकून कोणी हैदराबादेला गेले होते, कोणी त्याच्याही पलीकडं. उरले पेन्शनीत निघालेले किशनराव. त्यांच्या हाताला कंप होता, लिहिता यायचं नाही. मडिवाळप्पा कारकुनाचं मराठी अक्षर मोत्यासारखं, पण उर्दू म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. तेव्हा असं ठरलं, की रावांनी वाचून मराठीत सांगायचं आणि मडिवाळप्पानं लिहून घ्यायचं. मिसलींच्या खोलीत उजेड नव्हता, म्हणून दोघं पडवीत येऊन बसले.

आणि किशनराव होते कानानं मंद. अशा माणसाला वाटतं, आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसेल. ते वाचायचे ते पार बाजारातल्या तेलघाण्यापर्यंत ऐकू जायचं.

मडिवाळप्पा मागं पडला, की म्हणायचा, "परत सांगा, राव." मग राव तेच वाक्य आणखी मोठ्यानं. जमिनीच्या हद्दी, विहिरीचं पाणी, आंब्याची झाडं, यात मडिवाळप्पा कधी मागं पडला नाही. सरसर लिहायचा. पण बाईचा इजहार निघाला, म्हणजे बाईनं शपथेवर दिलेली जबानी निघाली, की ह्या मोत्यासारख्या अक्षराला काय व्हायचं कोण जाणे. दर वाक्याला अडायचं. "परत सांगा, राव." पडवीतले लोक मग मान खाली घालून हसायचे. पान खाल्लेल्या तोंडानं हसलं, की ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ येतो. तो धोतराच्या सोग्याला पुसायचा आणि पुन्हा कान द्यायचा.

पडवीच्या समोर लिंबाखाली चंद्रम्मा बसायची. जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. लांबच्या खेड्यांतून पेशीला आलेली माणसं तिच्याकडं खायची, कचेरीतले लोकही खायचे. भाकऱ्या घरून भाजून आणायची. चटणी मात्र तिथंच, उखळात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कुटायची. शेंगा, लसूण, तिखट. चंद्रम्मा पस्तिशीची, विधवा, बोलायला तुटक. पोरगी बसव्वा दहा वर्षांची. शाळा सुटली की ती आईपाशी येऊन शेंगा सोलत बसायची.

एके दिवशी औरादकडच्या नागूबाईची मिसल निघाली. नवऱ्यानं तिला टाकलं होतं, आणि टाकण्याचं कारण म्हणून तिची दवाखान्यात तपासणी करवली होती. दाईनं काय पाहिलं, कसं पाहिलं, ते सगळं कागदावर होतं, आणि किशनराव ते हद्दीच्या खुणा वाचाव्या तसं ठणठणीत वाचत होते. "परत सांगा, राव." एकदा. "परत सांगा." दोनदा. तिसऱ्यांदा कोणीतरी मागून म्हणालं, "राव, सावकाश. मडिवाळप्पाला नीट कळू द्या." पडवीभर खीखी झाली.

चंद्रम्माच्या ध्यानात आलं, की आपलं कुटणं थांबलंय. मुसळ हातात तसंच वर. कामून थांबलं? तर नीट ऐकू यावं म्हणून. तिची मानही जरा पुढं झाली होती, आणि तोंडावर, कुणी आरसा धरला असता तर दिसलं असतं, तेच पडवीतलं हसू होतं.

"अव्वा," बसव्वानं विचारलं, "त्या बाईला ठावं हाय का, तिचं हितं वाचायलेत म्हणून?"

चंद्रम्मानं मुसळ खाली ठेवलं. हाताला लागलेलं तिखट लुगड्याला पुसलं, पुन्हा पुसलं. चटणीचा वास तिला नकोसा झाला. वीस वर्षं जी चटणी कुटली, तिचा.

"तू घरी जा," ती म्हणाली.

संध्याकाळी निंगप्पा शिपाई भाकरी घ्यायला आला. वाईट माणूस नव्हता. गावात पाऊस पडल्याचं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"अक्का, फुडल्या मंगळवारी तुमची मिसल लागायलीय."

"माझी कंची मिसल?"

"ती जुनी की. मालकासंगं झालती ती. जगदेवप्पाच्या वकिलानं मागवून घेतलीया."

जगदेवप्पा म्हणजे चंद्रम्माचा दीर. तिचा नवरा दोन वर्षांमागं वारला. मंठाळच्या जमिनीतला वाटा पोरीला मिळावा म्हणून तिनं दावा लावला होता, आणि दीर तो अडवत होता. त्या दाव्याला त्यानं आता आठ वर्षांपूर्वीची मिसल जोडायला लावली होती.

त्या मिसलीत काय होतं, ते थोडक्यात सांगते. बसव्वा दोन वर्षांची असताना चंद्रम्मा नवऱ्याचं घर सोडून निघाली आणि खावटीसाठी कोर्टात उभी राहिली. घर का सोडलं, तर दिरामुळं. ते तिला शपथेवर सांगावं लागलं. तेव्हाचे मुन्सफ म्हातारे होते. त्यांनी वकील सोडून सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि ती बोलत होती तोवर वर पाहिलं नाही. नवऱ्याच्या वकिलानं तिला सात सवाल केले. पहिले सहा त्या एका रात्रीबद्दल होते. सातवा सवाल बसव्वाबद्दल होता. चंद्रम्मानं सातव्याचंही उत्तर दिलं, कारण शपथ घेतली होती, आणि कारण तेव्हा तिला वाटलं होतं, की कोर्ट म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यासारखं असतं. म्हाताऱ्यांनी ते स्वतःच्या हातानं उर्दूत लिहिलं. उजवीकडून डावीकडं. तिला वाटलं, विहिरीत दगड टाकला. आता तळाला जाऊन बसेल.

ते उत्तर काय होतं, ते मी इथं लिहीत नाही. ज्याची मान पुढं झाली असेल त्यानं मागं घ्यावी.

ती रात्र चंद्रम्मानं बसून काढली. सकाळी आधी सिद्धलिंगप्पा अर्जवाल्याकडं गेली. तो चिंचेखाली पेटी मांडून बसायचा.

"माझं वाचू नये म्हणून अर्ज लिहा, अप्पा."

"लिहितो की. कारण काय घालू?"

"कारण कशाला? वाचू नये एवढंच."

"बिनकारणाचा अर्ज घेत न्हाईत, चंद्रम्मा. त्यात काय हाय, कामून झाकायचं, सगळं खुलं लिवावं लागतंय." त्यानं टाक दौतीत बुडवला आणि वाट पाहू लागला. "मग अर्ज पुकारून वाचतेत. समोरच्याचा वकील त्याची नकल घेतोय."

"म्हंजे झाकायचं असंल तर आधी उघडून दावायचं."

"तसंच म्हणा."

त्याच्या डोळ्यांत तिला तेच पडवीतलं हसू दिसलं. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमून टपकायला आला होता. ती उठली.

दुपारी किशनराव आले. दात नव्हते, म्हणून ती त्यांची भाकरी पाण्यात भिजवून द्यायची.

"राव, मंगळवारची माझी मिसल. तेवढी गाळा."

"गाळा?" राव दुखावलेच. "चाळीस वर्षं पेशकारी केली, बाई. एक नुक्ता इकडचा तिकडं केला न्हाई. लिहिलंय ते वाचतो. पदरचं घालत न्हाई, कुणाचं काढत न्हाई."

ते खरं होतं. त्या सगळ्या पडवीत तेवढाच एक माणूस हसत नसे. त्यांना वाचताना आनंद व्हायचा तो फक्त आपला आवाज अजून खणखणीत आहे याचा. त्यामुळं तर त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

"मग हळू तरी वाचा."

"आँ?"

"हळू वाचा म्हणते, राव."

"व्हय व्हय, पाण्यात घालूनच दे."

सोमवारी जगदेवप्पा स्वतः आला. कडक धोतर, कानात अत्तराचा बोळा. लिंबाखाली उभा राहून त्यानं दोन भाकऱ्या घेतल्या आणि तिथंच चटणी लावून खाल्ल्या. आवाज करत. त्याच्या मिशीला शेंगेचा कूट लागला होता.

"वैनी, उद्या भाकऱ्या जास्ती थापा. मंठाळची चार-सहा माणसं आणायलोय. पोथी ऐकतेत म्हणं हितं."

"तुमचंबी नाव हाय त्यात," चंद्रम्मा म्हणाली.

"असू द्या की." तो बोटं चाटत होता. "बाप्याचं काय जातंय?"

तो गेल्यावर त्यानं हात लावलेलं चटणीचं भांडं तिनं उकिरड्यावर पालथं केलं. अख्खं. मग घरी जाऊन बसव्वाला मादन हिप्परग्याच्या मावशीकडं जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. पोरगी विचारत होती, कामून, उद्या तर शाळा हाय. तिनं तिच्या फडक्यात चार भाकऱ्या बांधल्या आणि काही सांगितलं नाही.

तिथून ती गेली किशनरावांच्या घरी.

त्यांच्या सुशीलाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. चातुर्मासात गल्लीतल्या बायकांना जमवून पोथी सांगणारी बाई. सोवळ्याची, पण माणुसकीला कमी नाही. चंद्रम्मा पायरीशी उभी राहिली.

"बाई, एक इचारायचं होतं. मुन्सफीत रोज राव पोथी वाचतेत. बायका कामून येत न्हाईत तुमच्या गल्लीतल्या?"

"पोथी?" सुशीलाबाई हसल्या. "अगं, ती सरकारी कागदं. जमिनीबिमिनीची. हे सांगतेत की."

"जमिनीची असतेत. बायकांचीबी असतेत."

"बायकांची म्हंजे?"

"लई मोठ्यानं वाचतेत राव. पडवी भरती. समदे बापेच असतेत ऐकायला." चंद्रम्मा सुपाकडं बघत होती. "उद्या माझी हाय."

सुशीलाबाईंचा सुपातला हात थांबला. एक खडा सापडला होता, तो बोटांत धरून तशाच बसल्या.

"रोज मी त्यांना गरम पाण्यात मध घालून देते," शेवटी त्या म्हणाल्या. "घसा बसू नये म्हणून." त्यांनी तो खडा अंगणात भिरकावला. "कितीला लागती ही पोथी?"

मंगळवारी पडवी जेवणावेळेपासूनच भरायला लागली होती. जगदेवप्पा माणसं घेऊन पुढं बसला होता, पानाचा डबा उघडून. तिसरा प्रहर झाला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून बायका आल्या. सुशीलाबाई पुढं, मागं दहा-बारा जणी. कासाराची, वाण्याची, दोन मुसलमानाच्या बुरखा घेतलेल्या, बाजारातल्या भाजीवाल्या. सुशीलाबाईंच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा. त्या पडवीत चढल्या आणि थेट पुढं जाऊन बसल्या. बाप्यांना सरकावं लागलं. सरकले. मग मागचे आणखी सरकले. परक्या बाईच्या पाठीला गुडघा लागेल म्हणून दोघं पडवीच्या खालीच उतरले. पानाचा डबा जगदेवप्पानं मिटला.

किशनराव आले, बसले, चष्मा लावला, आणि समोर बायको दिसली.

"तू कामून?"

"पोथी ऐकायला," सुशीलाबाई मोठ्यानं म्हणाल्या, त्यांना ऐकू जाईल असं.

रावांनी मिसल उघडली. नावं वाचली, गाव वाचलं, तारीख वाचली. आवाज नेहमीचाच. मग पान उलटलं. पहिला सवाल त्यांच्या डोळ्यांपुढं आला असावा, कारण ते थांबले. चष्मा काढला, पुसला, लावला. समोर एकोणचाळीस वर्षांची संगत कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन बसली होती.

"पुढं, राव," मडिवाळप्पा म्हणाला. सवयीनंच म्हणाला बिचारा.

"वाचा की," सुशीलाबाई म्हणाल्या. "रोज वाचताव तसं."

राव वाचेनात. पडवीत कुणी खोकेना. ती शांतता इतकी नवीन होती की आतून मुन्सफसाहेबच बाहेर आले. बायका बघून दचकले.

"काय आहे हे?"

चंद्रम्मा लिंबाखालून उठून पायरीपाशी आली होती. "पोथी हाय, साहेब. रोज असती. आज बायकाबी आल्या एवढंच."

साहेबांनी रावांच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं, जगदेवप्पाच्या पानाच्या डब्याकडं पाहिलं. कान लाल झाले. "मला वाटत होतं, हद्दींचं वाचन चाललंय," ते म्हणाले.

त्यांची खुर्ची पडवीपासून वीस पावलांवर होती. तेलघाण्यापर्यंत ऐकू जायचं ते त्यांना वीस पावलांवर ऐकू गेलं नव्हतं. असेल. साहेबांचं खोटं कोणी काढावं.

त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, की बाईमाणसाचा इजहार असेल तर आतल्या खोलीत, दार लावून वाचायचा. लिहून झालं की लाखेनं बंद करून माझ्याकडं. निंगप्पानं दाराशी उभं राहायचं. कोणाला आत सोडायचं नाही.

"आन् आधी वाचलं ते, साहेब?" चंद्रम्मानं विचारलं. "औरादच्या बाईचं?"

साहेब वळले आणि आत गेले.

राव आणि मडिवाळप्पा मिसल घेऊन आतल्या खोलीत गेले. दार लागलं. बापे काही उठले नाहीत. का उठले नाहीत ते लवकरच कळलं. आतून किशनरावांचा आवाज आला, खणखणीत, जसा काही पडवीतच बसलाय माणूस. "सवाल पहिला."

जगदेवप्पा हसला. भिंतीला टेकून त्यानं डबा पुन्हा उघडला.

चंद्रम्मा वळली. लिंबाखालचं उखळ दोन्ही हातांनी कवेत घेतलं, चांगलं घडीव दगडाचं, पण ते ओझं तिला कळलं नाही. पडवीत आणून दारासमोर, निंगप्पाच्या पायापाशी ठेवलं. शेंगा ओतल्या, तिखट ओतलं. मुसळ उचललं आणि घातला पहिला घाव. पडवी हादरली.

"अक्का, हितं?" निंगप्पा म्हणाला.

"साहेबांनी कुणाला आत सोडू नको म्हटलंय. मी कुठं आत जायलेय?"

भाजीवालीनं शेजारून दुसरं मुसळ आणलं. दोघी आळीपाळीनं. सुशीलाबाईंनी ताल धरून आरती सुरू केली, एक संपली की दुसरी, कुठल्याही देवाची. मुसलमानाच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. लाल तिखट उडत होतं. मंठाळची माणसं शिंकायला लागली आणि एकेक करून पायऱ्या उतरली. जगदेवप्पा शेवटपर्यंत बसला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, सोगा तोंडाला लावलेला. पण त्याला काही ऐकू आलं नाही. चंद्रम्मानं त्याच्या तोंडाकडं बघून मुसळ मारलं. ते तोंड पाहून तिला दया आली नाही, राग आला नाही. भांड्याखाली झुरळ सापडावं तसं वाटलं.

खिडकीच्या फटीतून रावांचे ओठ हलताना दिसत होते. सातवा सवाल कधी झाला, ते तिलाही कळलं नाही.

दार उघडलं तेव्हा उन्हं उतरली होती. मडिवाळप्पा बाहेर आला. रोज भाकरी घेताना चटणीसाठी वाद घालणारा माणूस, त्या दिवशी जेवढी दिली तेवढी घेऊन, मान खाली घालून गेला. जाताना म्हणाला, "येतो, अक्का." आजवर तो तिला कधी अक्का म्हणाला नव्हता. त्या अक्का म्हणण्यात पुरी मिसल होती.

बायका पांगल्या. किशनराव लिंबाखाली आले. तिनं भाकरी भिजवली, पुढं ठेवली. ते खात नव्हते, नुसते बसले होते. आज त्यांचा आवाज बसला होता, किंवा त्यांनी बसवला होता.

"मी विसरलो बघ," ते म्हणाले. "वाचलं आन् विसरलो."

चाळीस वर्षांत ज्या माणसानं एक नुक्ता इकडचा तिकडं केला नव्हता, तो खोटं बोलत होता, आणि त्याला ते जमत नव्हतं.

"खावा, राव. लगदा होतोय."

आठ वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला आणि एका वकिलाला ठावं होतं. आता आणखी दोघांना झालं, साहेब वाचतील तेव्हा तिघांना. अख्ख्या पडवीला होणार होतं. यालाच बरं झालं म्हणायचं असतं, असं तिनं स्वतःला दोन-तीनदा सांगून पाहिलं.

उखळातली चटणी पार पिठासारखी झाली होती. इतकी बारीक चटणी कोणी खात नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी नावं ठेवली. बसव्वा शनिवारी परत आली. तिनंही बोटावर घेऊन चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"अव्वा, एवढी कामून कुटलीस?"

"कुटता कुटता ध्यान ऱ्हायलं न्हाई," चंद्रम्मा म्हणाली, आणि शेंगांचं सूप तिच्या पुढं सरकवलं.